दोन शांताबाई, यादीत एक

दोन्ही शांताबाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. दोघींच्या हातात पासबुक, आणि दोन्ही पासबुकांत हप्ता नाही. बाहेरच्या बोर्डावरच्या यादीत मात्र छापलेलं होतं, 'शांताबाई मडावी : जमा'.

लॉकडाऊन लागल्यावर सरकारनं शेतकऱ्यांच्या खात्यात दोन हजारांचा हप्ता टाकला होता. मी तेव्हा एटापल्लीकडच्या जंगलात तलाठी होते. 'पारदर्शकतेसाठी लाभार्थ्यांची यादी गावात लावा' असा आदेश आला, म्हणून मी लावली. यादीत फक्त नाव. नवऱ्याचं नाव नाही, टोला म्हणजे वस्ती कुठली तेही नाही.

नदीकाठची शांताबाई म्हणाली, "हिनंच उचलले, बाई. नाव एकच हाये. बँकेत कोन विचारते?"

वरच्या टोल्यावरची खाली बघत म्हणाली, "मी नाई घेतले. आठ दिवस झाले, मले कोनी मोहफूल वेचाले बी नाई बोलावत."

मोह तीन-चार आठवडेच गळतो. अस्वलंही तिथंच येतात, म्हणून बाया एकट्या जात नाहीत. म्हणजे यादीतल्या एका ओळीपायी या बाईचा अख्खा हंगाम बुडत होता.

मी नायब तहसीलदार साहेबांना फोन लावला.

"सर, यादीत निदान नवऱ्याचं नाव टाकू द्या."

"फॉरमॅट वरून आला आहे. त्यात तो कॉलम नाही."

"मग लोकांना कळणार कसं?"

"पोर्टलवर बघायला सांगा."

"सर, इथं रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं."

"मॅडम, गोपनीयता नावाची गोष्ट असते."

मी फोन ठेवला. अहो, सातबारा, म्हणजे जमिनीचा उतारा, कुणीही मागू शकतो. त्यावर नवऱ्याचं नाव असतंच. त्यात कसली आली गोपनीयता?

दुसऱ्या दिवशी स्कूटीनं तहसील गाठलं. ऑपरेटरच्या शेजारी बसून दोघींचे अर्ज उघडायला लावले. दहा मिनिटांचं काम होतं. पैसे नदीकाठच्या शांताबाईचेच होते आणि तिच्याच नावावर जमा झाले होते. फक्त खातं दुसऱ्या बँकेतलं होतं. तेंदूपत्त्याच्या बोनससाठी कधीतरी उघडलेलं. आधार त्याला जोडलेलं, आणि ती ते विसरलेली. वरच्या शांताबाईचा अर्ज 'नाव दुबार' म्हणून केव्हाच फेटाळला होता. तिला कुणी कळवलंही नव्हतं.

गावात परत येऊन मी बोर्डावरच्या यादीत प्रत्येक नावापुढे पेनानं नवऱ्याचं किंवा बापाचं नाव आणि टोला लिहिला. चार माणसं जमली, त्यांच्यासमोर सगळं वाचून दाखवलं. नदीकाठची शांताबाई दुसरीला म्हणाली, "उद्या सकाळी येतो तुले घ्याले."

यादीत परस्पर फेरफार केला म्हणून मला कारणे दाखवा नोटीस आली. खुलासा दिला. पुढे त्याचं काय झालं, निवृत्त होईपर्यंत कुणी सांगितलं नाही. वरच्या शांताबाईचा अर्ज पुन्हा भरला, तिसऱ्या खेपेला मंजूर झाला. मधले हप्ते गेले ते गेलेच.

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं कळलं. यादी लावलीच नाही, तर लोक सरकारला शिव्या देतात. अर्धवट लावली, तर शेजाऱ्याला. दुसरं साहेबांना जास्त सोयीचं पडतं.