तोंड माझं, आवाज तिचा

भाच्याने सिनेमा काढायचं ठरवलं आणि नायिका म्हणून त्याला मी सापडले. घर आमचंच, फरीदाबादचा फ्लॅट; युनिटचे पोहे आणि वरणभातही माझ्याच हातचे. कॉलेजची चार वर्षं हा मुलगा आमच्याकडे राहून शिकलेला. त्याला नाही कशी म्हणणार?

गोष्ट गमतीची होती. एक विधवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन्ही हात वर करते. एक मत तिचं, एक गेलेल्या नवऱ्याचं. पार्किंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्यावर ती त्याच्या वतीने भांडते आणि शेवटी घरी येऊन त्याच्या फोटोला काय काय झालं ते सांगते.

त्या शेवटच्या सीनला भाच्याने माझ्या हातातला कागद काढून घेतला. म्हणाला, "मामी, लिहिलेलं सोड. मामाला जे सांगशील, तेच सांग."

भिंतीवरचा फोटो खरोखरच यांचा होता. यांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तोवर मी कुणासमोर रडले नव्हते. त्या दिवशी बोलले. "अच्छा, सुनो ना," अशी सुरुवात केली, कारण आमच्या घरात सगळी बोलणी तशीच सुरू व्हायची. माझा जन्म दिल्लीतला, शाळा पहाडगंजची मराठी, शेजार पंजाबी. आमचं मराठी हिंदीत मुरलेलं, आणि त्यातच आम्ही चाळीस वर्षं भांडलो, लाड केले. सीन संपला तेव्हा कॅमेरामन डोळे पुसत होता.

दिल्लीतल्या पहिल्या खेळाला मी मंडळातल्या दहाबारा बायकांना हौसेने घेऊन गेले. पडद्यावर माझं तोंड उघडलं आणि भलतीच बाई बोलायला लागली. स्वच्छ, पुणेरी, एकेक शब्द इस्त्री केलेला. शेवटी यांच्या फोटोसमोर अश्रू माझे आणि "अहो, ऐकलंत का?" तिचं. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाच्याला बाहेर गाठलं.

"यार मामी, पुण्यात काही लोकांना दाखवला होता. ते म्हणाले, ही बाई मराठी वाटतच नाही. माझा नाइलाज झाला."

"मग मला सांगायचंस तरी!"

"तू नाही म्हणाली असतीस."

म्हणजे ठाऊक होतं त्याला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मग परीक्षणं आली. समीक्षकांनी सिनेमा डोक्यावर घेतला. एकाने नायिकेचं अस्सल मराठी वाखाणलं. दिल्लीतलं मराठी घर इतकं खरं कुणी दाखवलं नव्हतं म्हणे. दुसऱ्याला शेवटच्या सीनमधला आवाज काही केल्या विसरता येईना. नातेवाईक ही परीक्षणं मला व्हॉट्सअॅपवर पाठवायचे आणि मी मुकाट्याने हात जोडल्याची चित्रं परत पाठवायचे. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाकडे तक्रार करणार?

पुढे गुरुग्राममध्ये खेळ झाला. खेळानंतर मला आणि भाच्याला मंचावर बसवलं. पुण्याहून नोकरीसाठी आलेली एक मुलगी उठली. तिचे डोळे ओले होते.

"मावशी, शेवटचं ते बोलणं कुणी लिहून दिलं होतं, की तुमचं स्वतःचं होतं?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. माईक माझ्या हातात आला. मी बोलणार, तोच भाच्याने तो हळूच काढून घेतला.

"सॉरी हां, मामीचा घसा बसलाय आज."

सभागृह हळहळलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. घसा ठणठणीत होता आणि यांना त्या दिवशी सांगितलेला शब्द न् शब्द मला पाठ होता. तरी मी हसले आणि हो म्हणून मान हलवली.

भाच्याने मला दगा दिला तो दिलाच. त्या संध्याकाळी यांना मी दिला.