ब्रेकचं स्पेलिंग

खेर्डेकर मॅडमबरोबर ऑटोत बसायचं म्हणजे जीव मुठीत. एकदा सदर बाजारात जाताना त्या मध्येच "भैया, रोको रोको!" ओरडल्या आणि ऑटो नीट थांबायच्या आत उतरून एका दुकानात शिरल्या. पाटीवरच्या 'स्टेशनरी'च्या स्पेलिंगमध्ये ई ऐवजी ए होता. "ए लिहिला की अर्थ होतो एका जागी उभं," त्यांनी दुकानदाराला हिंदीत समजावलं. तो शांतपणे म्हणाला, "मैडम, दुकान तो खड़ी ही है न!" मला हसू आवरेना. मॅडम मात्र घर येईपर्यंत पर्सची चेन उघडत-लावत होत्या.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, चेरीताल भागात, आमची घरं भिंतीला भिंत लागून. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेत. खुर्ची नावालाच, शिकवणं सगळं येरझारा घालत. "कान फसवतो रे बाबा! दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून ते भाऊ-भाऊ होत नाहीत," हे वाक्य भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं. नवरा लवकर गेलेला. एकुलती एक मुग्धा पुण्यात नोकरीला होती.

एका सकाळी त्या आमच्या फाटकाशी आल्या. आत येईनात, परतही जाईनात. "मुग्धा कालपासून फोन उचलून नाही राहिली. काहून असं करून राहिली असेल वो?"

मी त्यांचा मोबाइल घेतला. मुग्धानं इंग्रजीत लिहिलं होतं की आई, मला ब्रेक हवाय, आता सहन होत नाही. स्पेलिंग मात्र गाडीच्या ब्रेकचं. खाली मॅडमचं उत्तर: 'हा ब्रेक गाडीला असतो. तुला हवा तो बी-आर-ई-ए-के.' त्यापुढे काहीच नव्हतं.

"मॅडम, तिला काय सहन होत नाहीये?" मी विचारलं.

त्यांनी मोबाइल परत घेतला, ओठ हलवत ती ओळ वाचली. "हे तर मी वाचलंच नाही वो," त्या म्हणाल्या आणि फाटकाला धरून उभ्या राहिल्या.

त्याच दिवशी, आरक्षण नसताना, त्या पुण्याच्या गाडीत चढल्या. मुग्धानं दार उघडलं ते परक्यासारखं. ऑफिसला जाणं सुटलेलं, जेवणाची शुद्ध नाही, खोलीचे पडदे ओढलेले. आईला पाहून ती म्हणाली, "फिर से चेक करने आई हो?" हे मॅडमनी मला नंतर सांगितलं. "तिच्यापाशी मराठीसुद्धा उरली नव्हती माझ्यासाठी."

त्या मुग्धाला घेऊन आल्या. डॉक्टर झाले, औषधं झाली; मायलेकींची भांडणंही भिंतीपलीकडून ऐकू येत. पोरगी सावरली, पण फार हळूहळू. मध्यंतरी बंद पडलेल्या शिकवण्याही मग पुन्हा सुरू झाल्या.

परवा मी त्यांच्याकडे बसले असताना ओमती मोहल्ल्यातून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलीचा इंग्रजी निबंध त्यांनी टेबलावर आपटलाच. "देखिए मैडम, हर लाइन में गलती!" पहिल्याच ओळीत 'आजोबा वारले' म्हणायला 'पास्ड' लिहायच्या जागी, सारखाच ऐकू येणारा 'पास्ट', म्हणजे भूतकाळ, असा शब्द पडला होता. मॅडमच्या हातात लाल पेन होतं. त्यांनी निबंध शेवटपर्यंत वाचला.

"दादाजी की कहानी सुनते-सुनते सोती थी तू?"

मुलीनं मान हलवली आणि तिला रडू फुटलं.

"मैडम, वो गलतियाँ..."

"वो कल देख लेंगे, भैया," मॅडम म्हणाल्या आणि मुलीजवळ खुर्ची ओढून बसल्या. "हाँ बेटा, बता. कैसे थे दादाजी?"