आल्यागेल्याची पोळी

मी विद्यापीठात शिकवते, मुलींच्या वसतिगृहातच राहते आणि खाली मेसमध्ये जेवते. तिथे आता जेवायचं असेल तर सकाळीच मोबाइलवर कळवावं लागतं. जितकी नावं, तितक्यांपुरतंच रांधायचं. खरकट्याचं पिंप जवळजवळ रिकामं जातं, खर्चही उतरलाय. हे चांगलंच आहे. अन्न फेकलेलं मलाही बघवत नाही.

पोळ्या करणाऱ्या सुमनमावशी पूर्वी शेवटी दोन-चार पोळ्या जास्तीच्या लाटून डब्यात फडक्याखाली झाकून ठेवायच्या. "आल्यागेल्याला असू देत," म्हणायच्या. बहुतेकदा कुणी यायचं नाही आणि सकाळी त्या वाळून कडक झालेल्या पोळ्या पिंपात जायच्या. नव्या नियमात पहिली कात्री त्या जास्तीच्या पोळ्यांनाच लागली.

परवा जेवणं उरकत आली असताना एक मुलगी खांद्यावरच्या बॅगेसकट मेसमध्ये शिरली. आईचे दिवस करून गावाहून परतली होती. कळवायचं तिला कुठून सुचणार? मावशींनी सवयीने डबा उघडला. आत नुसतं घडी घातलेलं फडकं होतं.

"बस गं, कणीक भिजवते पटकन."

"नको मावशी, भूक नाहीये." ती वळली, मग दारातच थांबून म्हणाली, "घरीपण आता कोण ठेवणार आहे?"

कुणाची वाट पाहायची म्हटलं, की थोडं वाया जायचंच. घरोघरच्या आया ते धरूनच चालतात.

मावशींनी फडकं उलगडलं, झटकलं, पुन्हा तशीच घडी घातली आणि रिकाम्या डब्याला झाकण लावलं.