पौडाची हवा

घोटावड्याच्या सगुणाबाईला राग यायला कारण लागत नाही असं लोक म्हणायचे, पण ते खोटं. कारण लागायचं, फक्त ते दुसऱ्या कुणाला दिसायचं नाही. देवळापुढून जाताना कुणी तिच्याकडं बघून हसलं तर ते कारण, आणि कुणी बघितलंच नाही तर ते त्याहून मोठं. या सगळ्यांच्या वर एक कारण होतं, ते म्हणजे पौड. पौड तिचं माहेर. “आमच्या पौडात कचेरी हाय” हे वाक्य ती लग्न होऊन आली त्या दिवशी बोलली. पुढं नवरा वारला, केस पिकले, पण बोलण्याची सुरुवात तीच राहिली. कुणाची भाकरी करपली तरी पौडात तसं होत नसे.

नवरा गेल्यावर दिराच्या तुकड्यावर बसायचं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं अंड्यांचा धंदा धरला. वाड्यावस्त्यांवर हिंडून अंडी गोळा करायची, टोपल्यांत भाताचं तूस घालून त्यात निजवायची आणि आठवड्यातून दोनदा पुण्याला कॅम्पातल्या बेकरीवाल्याकडं पोचती करायची. बेकरीवाला खडूस. फुटकं अंडं घ्यायचा नाही, आणि उशीर झाला तर सबंध अंड्यालाही नाक मुरडायचा. तरी बाईचं चूल-घर त्याच्यावर चाललं होतं, म्हणून त्याचा राग ती परतीच्या वाटेवर दुसऱ्या कुणावर तरी काढायची.

तिला पुण्याला न्यायची हैबतरावांची पिकप. पानशेत फुटायच्या चार-सहा वर्षं आधीची ही गोष्ट. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली ती गाडी हैबतरावांनी लिलावात घेतली होती. मागं भाताची पोती, पोत्यांवर माणसं, माणसांच्या मांडीवर कोंबड्या. गाडीबरोबर जणू फुकट मिळाल्यासारखा कुशाबा ड्रायव्हरही लष्करातूनच आलेला. लढाईत त्यानं नक्की काय केलं ते कुणाला कळलं नाही, पण रिव्हर्स घेताना तोंड असं करायचा, की मागं जर्मन उभा असावा.

हैबतरावांचा जीव टायरांत. नवी टायरं मिळायची मारामार, म्हणून ते कुशाबाला रोज बजावायचे, “टायर घासलं तर माझं कातडं घासतंय असं समज.” कुशाबा आधी टायरला लाथ मारून हवा ओळखायचा. पुढं त्यानं कुठून तरी एक पितळी कांडी पैदा केली. ती टायरच्या तोंडाला दाबली, की आतून आकड्यांची काडी सर्रकन बाहेर यायची. या आकड्याला तो पौंड म्हणे. ओझं जास्त तर मागं पौंड जास्त, एवढं त्याचं शास्त्र. कांडी आल्यापासून त्याला लाथ मारणारे सगळे अडाणी वाटायला लागले.

एका मंगळवारी पहाटे फाट्यावर पिकप उभी होती. सगुणाबाई तीन टोपल्या चढवून स्वतः चढत होती. बाई अंगापिंडानं भरदार. चढली की गाडी मागून नमस्कार करायची. कुशाबा चाकाशी उकिडवा बसून पंप मारत होता. तोंडात तंबाखूचा बार. दूधवाला भिवाजी कासंड्या घेऊन शेजारी उभा. त्यानं विचारलं, “आज लई पंप मारतोयस रं?”

कुशाबा बार सांभाळत म्हणाला, “सगुणाबाई आली म्हंजी पौंडाची हवा जरा जास्तच लागती.”

तंबाखूनं त्या पौंडावरचं टिंब गिळलं आणि बाईला ‘पौडाची हवा’ ऐकू आली. त्यात पुढचं ‘लागती’ तिनं ऐकलंच नाही. ऐकायला ती थांबली नव्हती.

“काय म्हनलास?” ती खाली उतरली. “माझ्यात पौडाची हवा जास्त? हाय. असनारच. पौडात कचेरी हाय, मामलेदार हाय. तुज्या गावात काय हाय रं? चिंच हाय, ती बी किडकी.”

कुशाबा पंपाचा दांडा धरून तसाच. “बाई, मी चाकाचं…”

“चाकाआडून बोलतोस व्हय? माज्या बापाच्या गावाची हवा काढतोस, आनि वर चाक पुढं करतोस?”

आता खरी लबाडी केली ती भिवाजीनं. त्याला सगळं कळलं होतं. एक शब्द बोलला असता तर तिथंच मिटलं असतं. पण सकाळी सकाळी एवढी करमणूक फुकट मिळाली, ती कोण घालवतं? तो गंभीर चेहरा करून म्हणाला, “व्हय आक्का, मी बी ऐकलं. हवा जास्त हाय म्हनला.”

झालं. सगुणाबाईनं तिन्ही टोपल्या उतरवल्या. “ह्या डबड्यात पुन्हा पाय ठेवला तर पौडाचं नाव सांगनार न्हाई,” असं म्हणून एक टोपली डोक्यावर घेतली, दोन परत घरात ठेवल्या आणि चालत निघाली. भूगावापर्यंत ती कुशाबाशी भांडत गेली. कुशाबा तेव्हा गाडी घेऊन केव्हाच पुढं गेला होता.

पुण्यात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. बेकरीवाल्याची भट्टी विझत आलेली. त्यानं एका टोपलीकडं बघितलं, मग बाईकडं. “आणखी एकदा उशीर, की मी दुसरी बाई बघतो.” सगुणाबाईच्या तोंडात पौड आलं होतं, ते तिनं गिळलं. परतताना तळपायाला फोड, आणि घरातल्या दोन टोपल्यांना वास सुटायची धास्ती. तरीही पुढच्या खेपेला ती चालतच निघाली, फक्त मध्यरात्री. पाय दुखतात म्हणून माहेर विकायचं की काय?

इकडं कुशाबाही बिघडला होता. बाई का भडकली ते त्याला कळलं नव्हतं, आणि न कळता शिव्या खाल्ल्या याचा त्याला घोर अपमान वाटत होता. हैबतराव म्हणाले, “बाई न्हाई, तिच्या टोपल्या न्हाईत, हवा कमी कर.” कुशाबा म्हणाला, “बाई येतील. त्यांच्या हिशेबानं भरलीय. मी सोडायचा न्हाई.” आता हा रुसवा म्हणायचा की बाईची वाट बघणं, यावर घोटावड्यात बरेच दिवस चर्चा चालली, ती कुणी पुरी केली नाही हे बरं.

पण दगडासारखी चाकं, मागं ओझं कमी आणि रस्ता खडीचा. पिकप चालायची सोडून उडायला लागली. माणसं गुडघे धरून उतरायची. आणि भिवाजीचं दूध पुण्याला पोचेपर्यंत कासंडीत घुसळून निघायचं. वर लोण्याचे गोळे, खाली निळसर पाणी. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, आम्ही दुधाचे पैसे देतो, ताकाचे नाही. भिवाजीची सगळी करमणूक चार खेपांत आटली. एका संध्याकाळी तो सगुणाबाईच्या दारात येऊन उभा राहिला.

“आक्का, गाडीत चला.”

“पौडाची हवा घिऊन? नगं बाबा. तुमची गाडी फुटंल.”

“अवो, तो पौड म्हनलाच न्हाई. पौंड म्हनला. टिंब हाय मधी. हवेचं माप असतंय ते.”

“मग माझं नाव कशाला घेतलं?”

इथं भिवाजीनं गप्प बसायचं होतं. पण गप्प बसायचं तेव्हा बोलायचं आणि बोलायचं तेव्हा गप्प बसायचं, ही त्याची जन्माची खोड. “वजन असतंय ना,” तो म्हणाला. “तुमी बसला की वजन वाढतंय, मग हवा जास्त.”

माहेरावरचा डाग पुसला गेला होता, पण तो पुसून जे खाली निघालं ते अंगावरच आलं होतं. “म्हंजी मी जाड,” सगुणाबाई म्हणाली. “आनि तुला हे त्याच दिशी ठावं हुतं.”

भिवाजी उंबऱ्यावरून दोन पावलं मागं सरला.

दुसऱ्या पहाटे ती फाट्यावर हजर झाली, तिन्ही टोपल्यांसकट. टोपल्या खालीच ठेवल्या. “कुशाबा, ती कांडी काढ. मी खाली उभी हाय. लाव चाकाला.”

कुशाबानं मागच्या दोन्ही चाकांना लावली. काडी बाहेर आली. भिवाजीनं आकडा वाचला.

बाई गाडीत चढली, मागच्या बाजूला बरोबर चाकावर जाऊन बसली. गाडीनं नेहमीचा नमस्कार केला. “आता लाव.”

काडी बाहेर आली. आकडा तोच. कुशाबानं कांडी झटकली, पुन्हा लावली. तोच. दुसऱ्या चाकाला लावून बघितली, तिथंही खाली असताना होता तोच. केसभर फरक असला तर तो त्या काडीला दिसत नव्हता. हैबतराव वाकून बघायला लागले, माणसं गोळा झाली.

“बघा,” सगुणाबाई वरूनच म्हणाली. “मोटारीचं माप हाय, माझं न्हाई. मी बसले काय आन् उतरले काय, त्याला कळतबी न्हाई. आता सांग, कुनाची हवा जास्त?”

ओझं वाढलं की चाक खाली पसरतं, आतली हवा कांडीला तेवढीच दिसते. तरी ओझ्यापायी भर घालावी लागते ती लागतेच. हे कुशाबाला पोटात ठाऊक होतं, पण ओठांवर आणता येईना. लष्करात त्याला भरायला शिकवलं होतं, पटवायला नव्हे.

“न्हाई कळत,” तो म्हणाला.

“मग माझ्या नावावर भरल्याली हवा सोड. माझी अंडी दगडावर निजवायची न्हाईत.”

कुशाबानं हैबतरावांकडं बघितलं. हैबतरावांनी चाकांकडं, मग भिवाजीच्या कासंड्यांकडं बघितलं आणि मान हलवली. फुस्स करून हवा सुटली, तेवढा वेळ सगुणाबाई राणीसारखी बसून होती. कांडी बघत बघत कुशाबानं जास्तीची अर्धीच सोडली आणि गुपचूप बोट काढलं. सगळी सोडली असती तर टायर घासलं असतं, आणि टायर म्हणजे हैबतरावांचं कातडं. हे अर्धं त्यानं बाईला सांगितलं नाही. बाईनं विचारलं नाही.

त्या दिवशी बेकरीवाल्यानं तिन्ही टोपल्या उपसल्या, तुसात हात घालून घालून फुटकं अंडं शोधलं. मिळालं नाही, तर त्याचाच चेहरा उतरला. “आज वेळेवर,” एवढंच म्हणाला.

पुढं ती पिकप भंगारात जाईपर्यंत मागच्या चाकांची हवा तेवढीच राहिली, आणि सगुणाबाई मोटारीच्या मापात आपलं वजन धरलंच जात नाही हे मरेपर्यंत लोकांना सांगत राहिली. कुशाबाला तिनं माफ केलं. भिवाजीला केलं नाही. त्याच्या कासंडीवर टोपली टेकवून बसायची आणि त्याला गुडघे दुमडायला लावायची. तो कधी कुरकुरला तर म्हणायची, “बस गप. टिंब ऐकलं हुतंस ना? मग तवाच का न्हाई बोललास?”