सुधाकाकांचा हात चुकला नव्हता

आज ‘लेजंड’ लिहिणाऱ्या प्रत्येकाची मला किळस येतेय.

स्वतःची सगळ्यात जास्त.

काल सकाळी नाहूरचे सुधाकाका गेले. हार्ट अटॅक. हातात चहाचा कप होता म्हणे.

तासाभरात आमच्या रायडर्स ग्रुपवर फुलं, मेणबत्त्या, जोडलेले हात. ‘काकांसारखा मेकॅनिक होणे नाही.’ एकाने काकांबरोबरचा सेल्फी टाकलाय. त्यात काका अर्धे कापले गेलेत आणि ह्याचा गॉगल मात्र पूर्ण आलाय.

शी.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नाहूरला त्यांचं एका शटरचं गॅरेज. गाडी नेमकी कुठून थरथरते हे ते अंगाने ओळखायचे. डावी चप्पल काढायची, उघडा पाय फूटरेस्टवर ठेवायचा आणि हायवेवर एक चक्कर मारायची. मध्येच डावा तळहात टाकीवर.

चालत्या गाडीचा क्लच दाबल्यावर थरथर गेली, तर इंजिन बघा. राहिली, तर चाक बघा. इतकं साधं करून सांगायचे.

माझ्या जुन्या टूरिंग बाइकवर मी बारा वर्षं अख्खा देश फिरले, ते ह्या माणसाच्या भरवशावर.

गेल्या वर्षी मी तिचंच नवं मॉडेल घेतलं. नवी गाडी म्हणजे मक्खन, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते.

पण नव्वदच्या स्पीडला बोटांना मुंग्या यायच्या. इगतपुरीला पोचेपर्यंत करंगळी बधिर.

म्हणून काकांकडे गेले. त्यांनी एका मागोमाग एक दोन्ही गाड्या चालवल्या. परत आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

“जुनी हालता, पण ती मोकळी हालता. ही आतल्या आत कुढता. इंजिनाचो बोल्ट ताणान बसवलेलो आसा. सगळे बोल्ट सैल करूया, इंजिन जरा चालू ठेवून बसांदे, मगे परत आवळूया.”

मी म्हटलं, काका, वॉरंटीत आहे, उगाच हात नको लावायला. आधी सर्व्हिस सेंटरला दाखवते.

तिथे एका पोरसवदा इंजिनिअरने लॅपटॉप जोडला आणि प्रिंटआउट हातात दिला. “मॅडम, सगळं ओके आहे. जुने मेकॅनिक असंच बोलतात.”

आता माझी अक्कल बघा.

मी तो प्रिंटआउट आणि काकांचा एका पायात चप्पल असलेला फोटो ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘काका विरुद्ध कॉम्प्युटर.’

अंधेरीच्या आमच्या ॲडमिनने लगेच लिहिलं, ‘गाडीला काही नाही झालेलं. काकांचाच हात थरथरतोय. वय झालं.’

ग्रुप लोळून लोळून हसला. आज ‘होणे नाही’ लिहिणारे तेव्हा हसणाऱ्यांत पहिले होते. मीपण हसले.

कोणीतरी तो मेसेज काकांना दाखवला.

पुढच्या रविवारी गेले तर काका स्टुलावर बसलेले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“पोरी, खरा सांग. तुझ्या बोटांक मुंग्या येतत?”

मला येत होत्या. त्या दिवशीही आल्या होत्या.

मी म्हटलं, “नाही हो काका. मक्खन आहे.”

कारण ग्रुपवर मी जिंकले होते. आणि एवढ्या हौसेने घेतलेल्या गाडीत खोट आहे हे कुठल्या तोंडाने सांगणार?

काकांनी स्वतःचा तळहात उलटसुलट करून बघितला. “मगे माझोच हात गेलो,” म्हणाले आणि कपड्याला पुसला.

त्यानंतर इंजिनाचं काम त्यांनी बंद केलं. ऑइल बदलायचं, पंक्चर काढायचं, बस. कोणी थरथर घेऊन आलं की दुसऱ्या गॅरेजचा पत्ता द्यायचे.

चार महिन्यांनी मी गुपचूप जोगेश्वरीला एकाकडे गाडी नेली. त्याने बोल्ट सैल केले, इंजिन चालू ठेवलं, परत आवळले. अर्ध्या तासाचं काम. मुंग्या गेल्या त्या गेल्याच.

तो म्हणाला, “बोल्ट ओढून बसवला होता. तुम्हाला आधी कोणी बोललं नाही?”

मी पैसे दिले आणि निघाले.

काकांना सांगायला जायचं होतं. खरंच जायचं होतं. पण दर रविवारी मला काहीतरी दुसरं काम निघायचं. सहा महिने.

आज काकूंना भेटायला गेले. काकू सांगत होत्या, काकांना नसांच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या. संध्याकाळी घरी आले की फ्रिजवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे. काकू वाटण वाटत असल्या की मिक्सरवर हात ठेवायचे आणि विचारायचे, “माझ्या हाताक थरथर कमी लागता काय गो?”

मी तिथेच सगळं सांगितलं. फोटो, मुंग्या, मक्खन, जोगेश्वरी. रडले पण.

काकूंनी ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. पाण्याचा ग्लास माझ्यासमोर सरकवला.

“माका आता सांगून काय करतलंस? तेंका सांगूक होया होता.”

मी ग्लास तसाच ठेवून निघाले.

ग्रुपवरही हेच जसंच्या तसं टाकतेय. ॲडमिनला काढायचं तर खुशाल काढू दे मला.

काका, मला मुंग्या येत होत्या.

तुमच्या तोंडावर खोटं बोलले. माफी मागायला आता तुम्ही नाही. नमस्कार.