डावा पीळ

"मी हात लावलेला नाही म्हटलं ना!"

"मग स्क्रू आपोआप पाव आटा फिरला, दादा? काकांचा ट्रक चढावर काळा धूर ओकत उभा राहिला. इंजिन तापून नुसतं फणफणलंय!"

"तुझं मशीन चुकलं असेल. त्याच्या काट्याला काय कान असतात?"

कान होते ते दादाला. सव्वीस वर्षं ट्रकच्या इंजिनांचे डिझेल पंप त्याने कानानेच लावले. स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक पंपावर, दुसरं कानाशी. डोळे मिटायचे आणि कुठल्या नळीला थेंबभर डिझेल कमी पोचतंय ते सांगायचं. सगळं काम डाव्या हाताने, म्हणून ड्रायव्हरमंडळी त्याला 'डावरे उस्ताद' म्हणत. धाकट्या भावाला पाना धरायलाही त्यानेच शिकवलं. पुढे धाकट्याने पंप तपासायचं मशीन आणलं, आणि जो तो काट्याकडे बघायला लागला. तेही दादाने गिळलं असतं. पण सोमवारी काका, त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, दारात थांबले, त्याच्याकडे बघून हसले नि म्हणाले, "धाकटे आहेत का?"

तीनच शब्द. पण दुपारचा डबा दादाने न उघडताच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी धाकटा जेवायला गेला, तसं दादाने काकांच्या पंपावरचं, धाकट्याने लावलेलं सील तोडलं. डिझेल वाढवायचा स्क्रू पाव आटा फिरवला, नवी तार पिळून वर नवं सील दाबलं. काका खूश होऊन येतील, "काय खेचते हो गाडी!" म्हणतील, तेव्हा हळूच सांगायचं, हात कुणाचा ते.

धाकट्याने आता तीच तार त्याच्यापुढे धरली.

"पीळ बघ. माझा उजवा पडतो. हा डावा आहे."

दादाने तार बाजूला ढकलली. "मग जा, सांग काकांना!"

"सांगितलं. चूक माझी झाली म्हणून."

दादाच्या अंगाची लाही लाही झाली. खोटं बोलण्यातसुद्धा हा वरचढ!

"उपकार करतोस होय रे माझ्यावर?"

"उपकार कसले? चल, पंप पुन्हा लावू. तू कानाने लाव. मशीन मी सुरूसुद्धा करत नाही."

दादाने हातातलं फडकं बाकावर फेकलं. दाराबाहेर काका उभे होते.

"उस्ताद, धाकटे आहेत का आत? चूक झाली तर झाली, पंप त्यांच्याच हातून लावायचाय."

दादा त्यांच्या शेजारून रस्त्यावर निघून गेला.