टाचेवरची रेघ

तिला सगळे तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे दारोगा. मी तिच्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठा, तरी ती मला आजोबा म्हणायची आणि मी तिला मावशी. हे नातं कुठल्या वंशावळीत बसतं ते देव जाणे. खुबा मोडून मी तीन आठवडे त्या वॉर्डात पडलो होतो. तेवढ्यात या बाईने मला जितकं छळलं, तितकं माझ्या तिन्ही जावयांनी मिळूनही छळलेलं नाही.

मावशी तिथली मदतनीस. औषध डॉक्टरांचं, इंजेक्शन सिस्टरचं आणि उरलेला अख्खा माणूस तिचा. अंग पुसणं, घास भरवणं, बेडपॅन, लघवी मापून सिस्टरला सांगणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. सांगणं, बरं का, लिहिणं नाही. फाईलला मदतनिसाने हात लावायचा नाही, असा तिथला नियम होता.

"आजोबा, कूस."

"अहो, आत्ता कुठे डोळा लागला होता!"

"डोळा परत लागेल. पडून पडून पाठ फुटली तर महिनाभर भरायची नाही. वळा."

उशीखालची माझी पेपरमिंटची पुडी तिने चौथ्याच दिवशी वासावरून हुडकली. "साखर किती आहे तुमची, ठाऊक आहे का?" म्हणून ती खिशात घातली. तेव्हापासून मी डूख धरून होतो.

शेजारच्या पलंगावर एक मास्तर. अर्धं अंग लुळं, वाचा गेलेली. त्यांची लेक रोज दहाला यायची, आल्या आल्या खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवून धूळ बघायची आणि मग मावशीवर तोंड सोडायची.

"बाबांना फरफटवता तुम्ही!"

"वळवते. फरफटवलं असतं तर तुम्हाला जिन्यात ऐकू आलं असतं."

एका सकाळी लेकीने मास्तरांच्या पायावरची चादर उचलली आणि किंचाळली. टाच सोललेली, कडेने काळीनिळी.

"अकरा वर्षं नोकरी झाली ना हिची? आता बारावं लागू देत नाही!" म्हणत तिने तिथेच तक्रार लिहिली. मावशी बाबांची कूस बदलतच नाही, असं. साक्षीदार म्हणून कागद माझ्यापुढे आला. खोटं होतं, मला ठाऊक होतं. पण पेपरमिंटचं दुःख ताजं होतं. लग्नाच्या कागदावरही केली नव्हती इतकी झोकदार सही केली.

दुसऱ्या दिवशी अकराला मेट्रन आल्या. मागे फाईल घेतलेली सिस्टर, समोर मास्तरांची लेक, मध्ये मावशी. मी डोळे मिटून कान उघडे ठेवले.

"टाच लाल दिसली तेव्हा सांगितलंत का?" मेट्रननी विचारलं.

"आले त्याच दिवशी. घरूनच लाल टाच घेऊन आले होते. सिस्टरना सांगितलं."

सिस्टरने पानं चाळली. "नोंद नाही."

"तुम्ही करत नाही, म्हणून तर मी पेनाने रेघ मारते. लालीभोवती, तारीख घालून. लाली रेघेबाहेर गेली की कळतं."

"ती शाई?" लेक उसळली. "ती मी परवाच स्पिरिटने काढली. बाबा म्हणजे काय फळा आहे?"

"किती घासलंत?" मावशीने हळूच विचारलं.

"निघेपर्यंत!"

मेट्रन वाकून टाच बघत राहिल्या. मग सरळ झाल्या. "शाई होती, पण ती लालीभोवतीची तारखेची रेघच होती याला पुरावा काय? हे गृहस्थ तर लिहून देतात, तुम्ही वळवतच नाही. मावशी, उद्यापासून येऊ नका."

मावशीने फक्त माझ्याकडे बघितलं. अहो, शिव्या दिल्या असत्या तर मी मजेत ऐकल्या असत्या!

मी पांघरूण झटकून पाय बाहेर काढला. "मेट्रनबाई, हे वाचा."

माझ्या टाचेवर पुन्हा पुन्हा गिरवलेलं निळं वर्तुळ आणि चौदा दिवसांपूर्वीची तारीख. आत लाली उरली होती मुगाच्या दाण्याएवढी.

"मास्तरांच्या टाचेवर अस्संच होतं. त्यांनाही ती घड्याळ लावून वळवते."

"मग सही का केलीत?"

"पेपरमिंटपायी," मी म्हणालो आणि कागद मागून घेऊन सही खोडली.

"फितूर म्हातारा!" लेक म्हणाली आणि तिने मास्तरांच्या नि माझ्या पलंगामध्ये पडदा ओढून घेतला. तो मी घरी जाईपर्यंत उघडला नाही. मावशीची नोकरी राहिली, पण कातडीवर लिहिल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. सिस्टरला जाब द्यावा लागला.

बाराला मावशी आली. "आजोबा, कूस."

"आज तरी गोड बोला."

"सही करताना मला विचारलं होतं?"

तिने मला वळवलं, रोजच्यापेक्षा जरा जोरातच. टाच पाहिली, सवयीने पेन काढलं, परत खिशात घातलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशी हाक मारली.

"सिस्टर! फाईल घेऊन इकडे या. मी सांगते, तुम्ही माझ्यासमोर लिहा."

सिस्टर आली. दात आवळून तिने लिहिलं. मावशी खांद्यावरून वाकून अक्षर न् अक्षर वाचत होती.

"तारीख राहिली," ती म्हणाली.